वाशिमचा राजा, अजिंठ्याचा मंत्री आणि आपल्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न

वाशिम जिल्ह्यात धम्म परिषद असो, वर्षावासातलं ग्रंथवाचन असो की जयंतीची सभा, एखाद्या तरी वक्त्याच्या तोंडून हे ऐकू येतंच: प्राचीन काळी वाशिम ही बौद्ध राजाची राजधानी होती आणि अजिंठ्याची लेणी त्याच राजाने कोरून घेतली. टाळ्या पडतात, आणि आपल्या गावाचं नाव अजिंठ्याशी जोडलं गेलं म्हणून आपल्यालाही बरं वाटतं. पण या विधानात काही खरं आहे आणि काही आपण मागाहून जोडलेलं आहे. अलीकडे ही जोडणी आपल्यावरच उलटवली जाते, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे.

उलटवली जाते ती अशी. समोरचा म्हणतो, राजा वैदिक परंपरेतला होता आणि त्याचा मंत्री बौद्ध होता, हे तुमचेच इतिहासकार सांगतात ना? म्हणजे या देशात धर्म बघून पदं देण्याची रीत नव्हतीच. मग आज तुम्ही प्रतिनिधित्व, प्रतिनिधित्व म्हणून कशाला ओरडता? कॉलेजात शिकणारी आपली मुलं इथे अडखळतात. त्यांनी अडखळू नये म्हणून हा लेख.

आधी जे पक्कं आहे ते. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्यातला पहिला प्रवरसेन मोठा लढवय्या होता. त्याने चार अश्वमेध केले आणि ‘सम्राट’ ही पदवी घेतली. त्याच्यानंतर राज्याच्या वाटण्या झाल्या. एक शाखा नंदिवर्धनला, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनच्या बाजूला राहिली. दुसरी त्याचा मुलगा सर्वसेन याने वत्सगुल्मला स्थापन केली. हा सर्वसेन कवी होता, ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य त्याचंच. वाशिमच्या या शाखेची जगाला नीट ओळख पटायला १९३९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी वाशिमलाच ताम्रपट सापडले. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने ते आपल्या राज्यकारभाराच्या ३७ व्या वर्षी दिले होते. भाषा काही संस्कृत, काही प्राकृत. दान एका गावाचं, आणि ते ब्राह्मणांना दिलेलं. डॉ. वा. वि. मिराशी यांनी या ताम्रपटांचं आणि पुढे सगळ्याच वाकाटक लेखांचं वाचन केलं. मराठीत त्यांचा ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा ग्रंथ आहे. आपल्या विहारांच्या वाचनालयात तो असायला हवा. मिराशींची काही मतं आपल्याला पटणार नाहीत, पण लेख वाचताना त्यांनी हात राखून ठेवलेला नाही.

वाशिमजवळच्या हिस्से बोराळ्यालाही एक शिलालेख आहे. तो शक ३८० चा, म्हणजे इ.स. ४५८ चा. देवसेन राजाच्या काळात त्याच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधल्याची ही नोंद आहे. राजधानीत बसलेला राजा, त्याच्या नावाने काम करणारा अधिकारी आणि लोकांसाठी पाण्याची सोय, एवढं सगळं एका दगडावर आलेलं आहे. अजिंठा बघायला बसगाड्या भरून जाणाऱ्या आपल्या मंडळांनी एकदा हिस्से बोराळ्यालाही जावं. खर्च फार नाही.

देवसेनाचा मुलगा हरिषेण. आपल्या गोष्टीतला लष्करी राजा हाच. त्याचा काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. मिराशी तो शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत धरतात, अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक थोडा आधी नेतात. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातल्या शिलालेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र ही नावं हरिषेणाच्या पराक्रमाच्या संदर्भात येतात. आजच्या नकाशावर बोट फिरवलं तर कर्नाटकचा भाग, माळवा, ओडिशा, छत्तीसगड, उत्तर कोकण, दक्षिण गुजरात आणि आंध्र एवढा मुलूख होतो. शिलालेखाचा नेमका तोच भाग झिजलेला आहे, क्रियापद नीट राहिलेलं नाही. त्यामुळे त्याने हे प्रदेश जिंकले, की तिथल्या राजांना वचकात ठेवलं, यावर वाद आहे. एवढं मात्र खरं की वाशिमच्या गादीवरून एवढी मोठी सत्ता चालवणारा राजा त्याच्याआधी झाला नाही आणि त्याच्यानंतरही झाला नाही.

हा हरिषेण बौद्ध होता का? तो बौद्ध असल्याचं सांगणारा कोणताही लेख नाही. धुळे जिल्ह्यात थाळनेरला त्याचे ताम्रपट सापडले, त्यातली दानं ब्राह्मणांना आहेत. अजिंठ्याचं पहिल्या क्रमांकाचं लेणं, जिथे पद्मपाणी आणि वज्रपाणी म्हणून ओळखली जाणारी बोधिसत्त्वांची चित्रं आहेत, ते खुद्द हरिषेणाचं असावं असं स्पिंक यांचं मत आहे. पण त्या लेण्यात तसं सांगणारा लेख नाही. मत म्हणून ते जरूर सांगावं, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून सांगू नये.

लेख आहे तो १६ व्या लेण्याचा. व्हरांड्याबाहेर डाव्या बाजूच्या भिंतीवर तो कोरलेला आहे. लेणं दान करणारा वराहदेव हा हरिषेणाचा मंत्री. लेखात वाकाटक राजांची वंशावळ येते आणि तिच्यासोबत वराहदेवाच्या घराण्याची माहिती येते. देवसेन राजाने राज्याचा भार आपला मंत्री हस्तिभोज याच्यावर टाकला आणि स्वतः सुखोपभोगात रमला, असं तो लेख अगदी मोकळेपणाने सांगतो. हा हस्तिभोज वराहदेवाचा बाप. मंत्र्याच्या मुलाने राजाच्या बापाबद्दल असं दगडावर कोरून ठेवलं आणि राजाने ते राहू दिलं, यावरून दरबारात कोणाचं वजन किती होतं याचा अंदाज येतो.

वराहदेवाने आणखी एक लेणं कोरून घेतलं. ते सिल्लोड तालुक्यात जंजाळ्याजवळ आहे आणि लोक त्याला घटोत्कच लेणं म्हणतात. (बुद्धाची लेणी आणि नावं पांडवांच्या घरातली, हा प्रकार महाराष्ट्रभर आहे. त्यावर कधीतरी वेगळं लिहू.) या लेण्यातल्या लेखात वराहदेवाने आपल्या पूर्वजांची नावं ओळीने दिली आहेत. घराणं दक्षिणेतल्या वल्लूरच्या ब्राह्मणांचं, मूळ पुरुष यज्ञपती. पुढे सोम नावाच्या पूर्वजाने ब्राह्मण पत्नीबरोबर एक क्षत्रिय पत्नीही केली. ब्राह्मण पत्नीची मुलं वेदाध्ययनात राहिली आणि क्षत्रिय पत्नीची शाखा राजसेवेत गेली. त्याच शाखेत पुढे हस्तिभोज आणि वराहदेव झाले.

इथे जरा थांबून विचार करा. तथागतांचा संघ राहावा म्हणून कोरलेल्या विहारात दाता स्वतःची ओळख देतो, ती ब्राह्मण कुळाच्या वंशावळीने. तो बुद्धाला वंदन करतो, संघाला निवास देतो, त्याचं पुण्य आईवडिलांच्या नावे करतो. त्याच्या श्रद्धेवर शंका घेण्याचं काही कारण नाही. पण तो मंत्री झाला तो बौद्धांचा प्रतिनिधी म्हणून झालेला नाही. हस्तिभोजाचा मुलगा म्हणून झाला. बापाचं पद मुलाकडे आलं. राजदरबारात बौद्धांना जागा असावी असा हिशेब हरिषेणाने केल्याची खूण कोणत्याही लेखात नाही. ‘धार्मिक समतोल’ हा शब्द आपण आजच्या काळातून उचलून पाचव्या शतकाला चिकटवतो आहोत.

म्हणून ‘राजा हिंदू, मंत्री बौद्ध, म्हणजे सगळ्यांना संधी होती’ हा युक्तिवाद टिकत नाही. वराहदेवाच्या उदाहरणातून एवढंच दिसतं की राजाच्या अगदी जवळच्या, उच्च कुळातल्या माणसाने धम्माला आश्रय दिला तर राजा आडवा आला नाही. ही गोष्ट चांगलीच आहे. पण १६ व्या लेण्याचा कातळ ज्यांनी फोडला, रंग कुटले, ओझी वाहिली, त्यांच्यातल्या कोणाला त्या दरबारात पद मिळालं असतं का? त्यांची नावं त्या लेखात नाहीत.

आश्रय एका माणसावर टांगलेला असला की त्याचं पुढे काय होतं, हेही अजिंठ्यातच दिसतं. स्पिंक यांच्या मांडणीप्रमाणे अजिंठ्याच्या दुसऱ्या टप्प्यातलं बहुतेक काम जेमतेम वीसेक वर्षांत झालं आणि हरिषेण गेल्यावर ते एकदम थांबलं. त्यांनी दिलेली नेमकी वर्षं सगळ्यांना मान्य नाहीत. पण २४ व्या लेण्यात गेलात तर काम अर्धवट सोडलेलं डोळ्यांनी दिसतं. खांबांचा काही भाग घडवलेला आणि बाकी कातळ तसाच. राज्यही फार टिकलं नाही. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या विदर्भाच्या राजाच्या गोष्टीत वाकाटकांच्या शेवटाची आठवण असावी, असं मिराशी आणि स्पिंक दोघंही मानतात. गोष्ट अशी की पराक्रमी राजाच्या मागे आलेला मुलगा मंत्र्याचं ऐकत नाही आणि शेजारच्या अश्मकांच्या डावाला बळी पडतो. त्याच अश्मकांच्या भव्विराज नावाच्या मंत्र्याच्या स्मरणार्थ बुद्धभद्र या भिक्खूने अजिंठ्याचं २६ वं लेणं दान केलेलं आहे. म्हणजे ज्यांनी वाशिमची सत्ता संपवली असं मानलं जातं, त्यांच्या दरबारातही बौद्धांशी जवळीक असलेला मंत्री होता. मंत्र्याची श्रद्धा एका बाजूला आणि राज्याचं राजकारण दुसऱ्या बाजूला, असं ते चित्र आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते वाकाटकांच्या सहाशे-सातशे वर्षं आधीचं आहे. सम्राट अशोकही लष्करी राजाच होता. राज्याभिषेकानंतर आठव्या वर्षी त्याने कलिंग जिंकला. तेराव्या वर्षी त्याने धम्ममहामात्र नेमले. पाचव्या शिलालेखात तो सांगतो की हे अधिकारी सगळ्या पंथांसाठी आहेत. सातव्या स्तंभलेखात तर तो नावं घेऊन सांगतो: संघ, ब्राह्मण, आजीवक, निर्ग्रंथ. राजा स्वतः बौद्ध उपासक, पण त्याच्या अधिकाऱ्याचं काम सगळ्यांकडे बघण्याचं. अधिकाऱ्याचा धर्म कोणता याबद्दल अशोक काही बोलत नाही, त्याने काय करायचं ते मात्र ठरवून देतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकच्या शिळेवर प्राण्यांना पकडण्या-मारण्याला मनाई करणारा एक प्राचीन लेख आहे. तो अशोकाच्या धम्ममहामात्राचा असावा असं मिराशींचं मत. त्याच शिळेवर नंतर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळात आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला. विदर्भातला एकच दगड आणि त्यावर दोन राजवटी.

आता थोडं दूर जाऊ. बौद्ध बहुसंख्य असलेल्या देशात बौद्धांनाच पदांसाठी झगडावं लागलं, असं विसाव्या शतकातलं उदाहरण म्हणजे दक्षिण व्हिएतनाम. आपल्या तरुणांना थिच क्वांग डुक यांचा फोटो माहीत असतो. ११ जून १९६३ ला सायगावच्या रस्त्यावर आत्मदहन करताना शांत बसलेले ते भिक्खू. पण त्या फोटोमागचं राजकारण फारसं कोणी सांगत नाही.

राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह दिएम कॅथलिक होते. सैन्यात आणि प्रशासनात बढत्या, जमिनी, मदत या सगळ्यात कॅथलिकांना झुकतं माप मिळतं अशी बौद्धांची तक्रार होती. मे १९६३ मध्ये ह्युए शहरात वैशाख पौर्णिमेला बौद्ध ध्वज लावायला मनाई झाली. त्याच्या काही दिवस आधी दिएम यांच्या आर्चबिशप भावाच्या समारंभात कॅथलिक झेंडे खुशाल फडकले होते. ८ मे ला विरोध करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला, नऊ जण मेले. आणि आता बघा: त्या वेळी देशाचे उपराष्ट्राध्यक्ष न्गुयेन न्गोक थो हे बौद्ध होते. बौद्धांच्या तक्रारी ऐकायला सरकारने जी समिती नेमली तिचे प्रमुखही तेच. त्या समितीने ह्युएच्या मृत्यूंचा दोष कम्युनिस्टांवर टाकला. दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर बौद्ध माणूस बसलेला असूनही रस्त्यावरच्या बौद्धांना न्याय मिळाला नाही. त्याची नेमणूक दिएम यांच्या मर्जीने झाली होती आणि त्याचं उत्तरदायित्वही दिएम यांनाच होतं.

नोव्हेंबर १९६३ मध्ये सेनापतींनी उठाव केला आणि दिएम मारले गेले. या उठावात राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर चाल करून जाणाऱ्या फौजेचा प्रमुख होता न्गुयेन व्हान थियू. हा मूळचा बौद्ध घरातला. बायको कॅथलिक होती आणि १९५८ मध्ये त्यानेही बाप्तिस्मा घेतला. दिएम यांच्या राजवटीत वर चढायचं तर तोच रस्ता होता, असं त्याचे विरोधक म्हणत. पुढची दोन वर्षं उठावामागून उठाव झाले. १९६५ मध्ये थियू राष्ट्रप्रमुख झाला आणि हवाईदलाचा न्गुयेन काओ की पंतप्रधान. थियू कॅथलिक, की बौद्ध. कागदावर जोडी अगदी समतोल. पण १९६६ मध्ये दा नांग आणि ह्युए इथे बौद्धांनी नागरी सरकार आणि निवडणुकांसाठी आंदोलन पेटवलं, तेव्हा ते फौज पाठवून मोडून काढलं ते याच की यांनी. भिक्खू नेते थिच त्री क्वांग यांना पकडलं गेलं. १९६७ मध्ये थियू सुमारे ३५ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाला. १९७१ च्या निवडणुकीत त्याच्यासमोर उमेदवारच उरला नाही. २१ एप्रिल १९७५ ला त्याने राजीनामा दिला आणि देश सोडला. नऊ दिवसांनी सायगाव पडलं. शरणागती जाहीर करण्याचं काम आलं जनरल दुआँग व्हान मिन्ह यांच्यावर, आणि ते बौद्ध होते.

वरच्या दोन उदाहरणांत दीड हजार वर्षांचं अंतर आहे, पण त्यांच्यातला प्रश्न एकच आहे. खुर्चीवरचा माणूस कोणाच्या मर्जीने बसला? वराहदेव वंशाने बसला, थो मर्जीने बसले, की बंदुकीच्या जोरावर बसले. यातल्या कोणालाही खालच्या माणसाने पाठवलेलं नव्हतं.

बाबासाहेबांचं सगळं राजकारण या एका मुद्द्याभोवती फिरतं, असं आम्हाला वाटतं. १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर साक्ष देताना ते अठ्ठावीस वर्षांचेही पुरते झालेले नव्हते. तेव्हाही अस्पृश्यांचे प्रतिनिधी सरकारने नेमून द्यावेत, या पद्धतीवर त्यांचा भरवसा नव्हता. १९४२ मध्ये ते स्वतः व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ती नेमणूकच होती, हे खरं. पण तिथे बसून त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. एका माणसाला मिळालेल्या पदाचं त्यांनी हजारो अनोळखी मुलांच्या हक्कात रूपांतर केलं. राज्यघटनेत हाच विचार पुढे कलम १६ मध्ये आला. १६(२) म्हणतं, सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान वगैरेंवरून भेदभाव होणार नाही. १६(४) म्हणतं, ज्या मागास वर्गांना सेवांमध्ये पुरेसं प्रतिनिधित्व नाही त्यांच्यासाठी जागा राखून ठेवता येतील.

इथे आपल्या तरुणांचा एक नेहमीचा घोटाळा होतो, तो दूर करू. सरकारी नोकरीत ‘बौद्ध’ म्हणून वेगळं आरक्षण नाही. आपल्यातल्या बहुसंख्य लोकांना मिळतं ते अनुसूचित जातीचं आरक्षण. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ते फक्त हिंदूंपुरतं ठेवलं होतं, १९५६ मध्ये शिखांना मिळालं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या दृष्टीने ते यादीबाहेर गेले. महाराष्ट्र सरकारने १ मे १९६० पासून राज्यापुरत्या सवलती सुरू केल्या. केंद्राचा कायदा बदलायला १९९० उजाडलं. ही ३४ वर्षं आपल्या आजोबा-वडिलांनी कशी काढली ते त्यांना विचारा. घरात बुद्धवंदना आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, अशी दुहेरी नोंद किती घरांत सापडते! धर्म बदलला म्हणून नेमणुकीचा हक्क जाणं, हा थियूच्या बाप्तिस्म्याच्या नेमका उलटा प्रकार आहे. त्याने धर्म बदलला आणि त्याचा रस्ता मोकळा झाला. आपल्या लोकांनी रस्ता बंद होतोय हे दिसत असूनही धर्म बदलला.

अल्पसंख्याक म्हणून असलेलं स्थान ही वेगळी गोष्ट. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचा कायदा १९९२ चा, त्याखाली १९९३ मध्ये बौद्धांसह पाच समाजांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलं. शिष्यवृत्त्या, शिक्षणसंस्था, आयोगाकडे तक्रार, असे त्याचे उपयोग आहेत. नोकरीतली राखीव जागा त्यातून मिळत नाही. आयोगावर अल्पसंख्याक समाजांतले सदस्य असतात, पण त्यांना नेमतं केंद्र सरकारच. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यातले ६५ लाखांवर एकट्या महाराष्ट्रात. वाशिम जिल्ह्यात आपलं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. एवढ्या मोठ्या समाजाचा एक सदस्य कोण असावा हे समाजाला विचारून ठरत नाही.

धार्मिक समतोल कायद्यातच लिहिलेला असूनही तो कसा फसवा असतो, हे बघायचं तर बोधगयेकडे बघा. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याप्रमाणे व्यवस्थापन समितीत आठ सदस्य: चार बौद्ध, चार हिंदू. गयेचे जिल्हाधिकारी हे अध्यक्ष. ऐकायला समतोल वाटतो. पण मूळ कायद्यात अशी तरतूद होती की जिल्हाधिकारी हिंदू नसतील तर राज्य सरकार एखाद्या हिंदूला अध्यक्ष नेमेल. म्हणजे चार-चार असे बरोबरीत उभे करायचे आणि तराजूची दांडी एकाच्या हातात द्यायची. ही अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली. चार-चारची रचना आणि सरकारी नेमणूक मात्र तशीच राहिली. घटनेचं कलम १६(५) स्पष्ट सांगतं की धार्मिक संस्थेच्या कारभाराशी संबंधित पदावर किंवा तिच्या नियामक मंडळावर त्या धर्माचाच माणूस असावा असा कायदा करता येतो. महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्या, या मागणीला घटनेची आडकाठी नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘घटनेत बसत नाही’ असं सांगून आपल्या कार्यकर्त्यांना गप्प केलं जातं. भदंत सुरई ससाई यांनी १९९२ मध्ये हा प्रश्न पेटवला तेव्हापासून विदर्भातून गाड्या भरून लोक तिकडे जात आले आहेत. फेब्रुवारी २०२५ पासून सुरू झालेल्या आंदोलनातही महाराष्ट्रातले उपासक-उपासिका मोठ्या संख्येने बसले.

बोधगया दूर आहे. वाशिमच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचं काय? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम आहेत. त्यातल्या नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस अधीक्षक आणि लोकप्रतिनिधी सदस्य, शिवाय अनुसूचित जाती-जमातींमधले अशासकीय सदस्य. तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक झालीच पाहिजे असं नियम सांगतो. आता स्वतःला विचारा: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहा तालुक्यांत मिळून आपल्या ओळखीच्या किती कार्यकर्त्यांना या समितीवरच्या अशासकीय सदस्यांची नावं सांगता येतील? ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही, त्याला आपण प्रतिनिधी कसं म्हणायचं? तो सदस्य चांगलाही असेल. पण त्याला बोलायला लावणारं खाली कोणी नसेल तर त्याचा थो व्हायला वेळ लागत नाही.

हे बदलायला मोर्चाच लागतो असं नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचं शुल्क, आणि तीस दिवसांत उत्तर. तीन गोष्टी मागा: समितीच्या सदस्यांची यादी आणि त्यांच्या नेमणुकीचा आदेश, गेल्या तीन वर्षांत झालेल्या बैठकांच्या तारखा, आणि प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त. इतिवृत्त मागायला विसरू नका. यादीवरून फक्त नावं कळतात, कोणत्या प्रकरणावर कोणी काय विचारलं आणि अधिकाऱ्याने काय उत्तर दिलं ते इतिवृत्तात असतं. बैठक झालीच नसेल तर ‘माहिती निरंक’ असं उत्तर येईल. तो कागदही जपून ठेवा, पहिल्या अपिलाला तोच जोडावा लागतो.